पाच गोळ्या, एक भोक

अल्बनी, १० एप्रिल २००५

अहो,

प्रणिता फोन लावते तेव्हा तुम्ही लेकीशी बोलता, नातीशी बोलता, आणि मी फोन हातात घेतला की तुमच्या दारात नेमका दूधवाला उभा राहतो. भर दुपारी दूध घालणारा हा कोण नवा माणूस नाशिकरोडला उगवलाय, ते मला आल्यावर बघायचंय. तोवर हे पत्र. पत्राला मध्येच 'थांब, दार वाजलं' असं सांगता येत नाही.

तुमचा राग मला मान्य आहे. दोघं मिळून तीन महिन्यांसाठी आलो, तुम्ही ठरल्या दिवशी परत गेलात आणि मी राहिले. प्रणिता आणि श्रीनाथ दोघंही कामावर जातात, श्रिया शाळेतून आली की घरात कुणीतरी हवं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. तुम्ही विमानतळावर म्हणालात, "राहा मग इथेच." मी राहिले. बायको एकदाची आज्ञाधारक निघाली तर त्याचंही तुम्हाला वाईट वाटतं.

बीपीची गोळी सकाळीच घ्या. निळा स्वेटर कपाटाच्या खालच्या खणात आहे. नवा विणतेय, पण तो तुमच्यासाठीच आहे असं काही मी अजून ठरवलेलं नाही.

आता बातमी, ती बसून वाचा. मी पुन्हा रायफल हातात घेतली.

श्रियाच्या शाळेजवळ एक हॉल आहे, तिथे बुधवारी संध्याकाळी नेमबाजीचा क्लब भरतो. 'कुणीही या, करून बघा' असा बोर्ड बाहेर लागला होता. श्रिया म्हणाली, "आजी, यू सेड यू वर अ शूटर. प्रूव्ह इट." आठ वर्षांच्या नातीनं असं म्हटल्यावर आजीनं काय करावं? प्रणिताची ट्रॅकपँट चढवली आणि गेले. चटईवर पालथं झोपायचं होतं, झोपले. उठताना दोघांनी धरून उठवलं, पण ते नंतरचं. क्लबची रायफल उजव्या हाताच्या उंच पुरुषांसाठी केलेली. मी डावरी, आणि उंचीनं तुमच्या खांद्याला. तरी गाल टेकवला, श्वास धरला, आणि मधली सगळी वर्षं कुठे गेली ते कळलंच नाही. गॅस बंद केला का, इस्त्रीचे कपडे आले का, सगळं डोक्यातून गेलं. समोर फक्त काळा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी तिथेच पडल्या पडल्या हसायला लागले.

पाचांतल्या चार गोळ्या काळ्यात गेल्या. क्लबमधले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले आणि श्रिया ओरडली, "दॅट्स माय आजी!"

घरी येताना तिला देवळालीच्या कँपची गोष्ट सांगितली. हो, तीच. पाहुण्यांसमोर मी ती सुरू केली की तुम्ही पाणी आणायच्या निमित्तानं आत जाता, ती. एनसीसीचा कँप, मुलामुलींची एकत्र स्पर्धा. मी पाच गोळ्या मारल्या, पाचही एकाच भोकातून गेल्या, आणि निशाण्याच्या कार्डांवरची भोकं मोजायला बसवलेल्या मुलानं, त्या गाढवानं, "एक लागली, चार हुकल्या" असं सगळ्या मैदानाला ओरडून सांगितलं. मी त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. टोपी डोळ्यांवर ओढून तो नुसता उभा राहिला. शेवटी नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी भिंगातून बघितलं आणि कप मला मिळाला. आपण झारे-पळ्या ठेवतो तो.

"अँड व्हॉट हॅपन्ड टु द बॉय?" श्रियानं विचारलं. मी म्हटलं, देव जाणे. असली गाढवं कुठेतरी सुखातच असतात.

तुमची,
विभावरी

अल्बनी, ८ मे २००५

अहो,

तुमचं उत्तर आलं नाही. प्रणिताकडून निरोप मात्र आला: "तुझ्या आईला म्हणावं, या वयात बंदूक?" या वयातच, अहो. त्या वयात आपलं लग्न झालं.

माझ्यासाठी रायफल सापडलीय. ख्राइस्टचर्चला जोन नावाच्या बाई आहेत, वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर क्लबमध्ये नेमबाजी केली, आता डोळे गेले. त्या माझ्यासारख्याच डावऱ्या आणि ठेंगण्या. त्यांनी तरुणपणी खास स्वतःच्या मापाची रायफल करून घेतली होती, तिची जाहिरात क्लबच्या फळ्यावर लागली होती. मी फोन केला. बाईंनी किंमत सांगायच्या आधी मला विचारलं, "तुम्ही कोणत्या डोळ्यानं बघता?" मी म्हटलं, डाव्या. त्या म्हणाल्या, "मग ती तुमचीच." तशी रायफल या देशात दुसरी मिळणं कठीण, असं क्लबमधले सगळे सांगतात. पण जुलै संपला की जोनबाई वृद्धाश्रमात जाणार, तिथे बंदूक ठेवू देत नाहीत. तोवर मी घेतली नाही तर दुसऱ्याला द्यावी लागेल.

मला वाटलं, पैसे पाठवायचे, रायफल मागवायची, झालं. छे! इथे बंदूक विकणाऱ्यानं घेणाऱ्याचा परवाना बघितल्याशिवाय द्यायचीच नाही. टपालानं मागवायची तर पोलिसाची सही असलेला कागद आधी विकणाऱ्याकडे जायला हवा. नाहीतर दुकानदारामार्फत. म्हणून इथल्या बंदुकांच्या दुकानात गेले. तो धिप्पाड दुकानदार म्हणाला, तिकडचा दुकानदार जोनकडून घेईल, मला पाठवेल, मी तुम्हाला देईन, दोघांची फी पडेल. मी म्हटलं, "तुम्ही करणार काय? एक खोकं घेणार आणि एक खोकं देणार. आमच्याकडे लग्न जमवणारे याहून कमी घेतात, आणि वर मुलाच्या स्वभावाची खात्री देतात." तो इतका हसला की आतून त्याची बायको बघायला आली. फी मात्र एका सेंटानं कमी केली नाही. म्हणाला, "बाई, फी खोक्याची नाही. उद्या कुणी विचारलं की ही बंदूक कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, तर उत्तर मला द्यायचंय." मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

थोडक्यात, आधी परवाना. सुरक्षेचं व्याख्यान ऐकलं, लेखी परीक्षा दिली, एकही उत्तर चुकलं नाही. श्रीनाथनं गॅरेजच्या भिंतीत लोखंडी कपाट ठोकलं. मग परवान्यांचं बघणारा पोलीस घरी आला. नाव टेरी, पिकलेल्या मिशा, दारात बूट काढून आत आला, मला तिथेच आवडला. चहा दिला, चिवडा दिला. कपाट हलवून बघितलं, मग वही काढून विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

आता मी काही जुन्या वळणाची नाही, पण पोलिसानं अचानक विचारल्यावर जीभ अडखळली. श्रिया म्हणाली, "शी हॅज टु से इट इन अ पोएम." तिला मागच्या वर्षी लग्नात उखाणे ऐकायला मिळाले होते, तेवढंच डोक्यात. टेरी म्हणाला, "स्वीट ॲज, गो ऑन," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास, होऊ दे'. मग घेतला:

नेम धरते डावीकडून, श्वास ठेवते रोखून,
सुधाकररावांचं नाव घेते पोलिसाला चहा देऊन.

टेरीनं टाळ्या वाजवल्या आणि वहीत फक्त 'सुधाकर' लिहिलं.

तर मुख्य काम हे. इथे नियम असा की अर्ज करणाऱ्याच्या जोडीदाराशी पोलीस वेगळं बोलतात. माणूस रागीट आहे का, घरात धाक आहे का, असं विचारतात. तुम्ही तिथे, म्हणून टेरी तुम्हाला फोन करेल. माझ्यावर रागावला असलात तरी उचला. सावकाश बोला. ॲसिडिटीबद्दल सांगू नका. आणि कुणी माझं कौतुक केलं की तुम्ही "ठीक आहे, चालतं" म्हणता, तसं म्हणू नका. 'ठीक आहे'वर इथे बंदूक मिळत नाही.

श्रिया रोज विचारते म्हणून हे सगळं करतेय. मला स्वतःला काही एवढं नाही.

विभावरी

अल्बनी, ५ जून २००५

अहो,

काय केलंत हे!

टेरी शुक्रवारी आला. बूट काढले, पण चिवड्याला हात लावला नाही. प्रणिताला घराबाहेर नेऊन हळू आवाजात काहीतरी विचारलं. मग माझ्यासमोर बसला आणि अगदी मायेनं म्हणाला, "विभावरी, तुम्हाला राग आवरत नाही असं कधी होतं का? त्यावर मदत करणारी माणसं असतात." आणि एक फोन नंबर दिला.

मी विचारलं, "माझे मिस्टर काय म्हणाले?"

त्यानं वही उघडून वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, मी बायकोला भितो हे अख्ख्या नाशिकरोडला माहीत आहे. आमच्या घरात गृहखातंही तिच्याकडे आणि संरक्षणखातंही तिच्याकडे. इतकी वर्षं नुसत्या तिला भ्यायलो, आता तुम्ही तिच्या हातात बंदूकही देताय?"

आणि वर हसलात म्हणे. टेरीनं लिहिलंय: 'नवरा घाबरून हसत होता.'

आपल्याकडे प्रत्येक पुरुष हे बोलतो हो! लग्नात बोलतो, सत्यनारायणाला बोलतो, बँकेच्या निरोप समारंभात माईकवरून बोलतो आणि समोरच्या बायका हसून पदर सावरतात. तुमचा हा विनोद मी आयुष्यभर ऐकलाय, तो ऐकला की मला वाटतं, चला, पाहुण्यांचं जेवण नीट झालं. पण तो पोलिसाला सांगायचा? प्रणितानं टेरीला समजावून बघितलं की हा आमच्याकडचा विनोद आहे. तो म्हणाला, "इथेही लोक आधी विनोद होता असंच सांगतात." यात त्याचं तरी काय चुकलं? कुणाचा जीव जाऊ नये म्हणूनच त्याला नेमलंय.

अर्ज थांबलाय. तुम्ही स्वतः फोन करून सरळ शब्दांत खुलासा केलात तर पुढे जाईल, नाहीतर फेटाळणार. टेरीचा नंबर कागदाच्या मागे लिहिलाय.

तुम्हाला खरंच धाकात ठेवलं असतं तर दूधवाल्याची हिंमत झाली असती का भर दुपारी यायची?

विभावरी

अल्बनी, २६ जून २००५

अहो,

तुम्ही प्रणिताला म्हणालात, "त्या पोलिसाला विनोद कळत नाही त्याला मी काय करू?" आणि फोन केला नाहीत.

आज मी विनोद करणार नाही. तुम्हीही करू नका.

मे महिन्यातल्या पत्रात लिहिलं होतं, श्रियासाठी करतेय. खोटं होतं ते. मला ती रायफल हवी आहे, माझ्यासाठी. बुधवार उजाडला की मी सकाळपासून गुणगुणत असते, पोळ्या लाटताना सुद्धा. मला वाटत होतं, ते सगळं त्या कपात झाऱ्यांखाली कुठेतरी संपलं. संपलं नव्हतं. जोनबाई दर आठवड्याला फोन करतात, "अजून तुमचीच आहे बरं का." दुसऱ्या दोघांनी विचारलं, त्यांना त्यांनी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मला बघितलंही नाही, तरी त्या माझ्यासाठी थांबल्यात.

आणि अजून एक, हे लिहायला जड जातंय. टेरी वही उघडून वाचणार म्हणाला ना, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं, आता कळेल. तुम्ही माझ्याबद्दल एका परक्या माणसाला काय सांगता, मी नसताना, ते आज कळेल. आणि त्यानं विनोद वाचला. सगळे हसलेले मी बघितलेत, मीही हसलेय, पण तुमच्या तोंडून माझ्याबद्दल एक सरळ वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. परवाना हवाच आहे. पण खरं सांगू? मला ते वाक्य जास्त हवंय.

चांगलं असेल तर चांगलं सांगा, वाईट असेल तर वाईट. पण टेरीला सांगा. फोन उचलून, न हसता.

स्वेटर पूर्ण झाला. तुमच्याच मापाचा आहे.

विभावरी

अल्बनी, १४ ऑगस्ट २००५

अहो, ऐकलंत का,

दूधवाल्याला रजा दिलीत वाटतं. परवा फोनवर तुम्ही "हॅलो" म्हणालात, मीही "हॅलो" म्हणाले, आणि पुढे दोघांनाही काही सुचेना. प्रणिता म्हणाली, "एवढे पैसे घालून गप्प बसायचं होतं तर मग पत्रच लिहा." म्हणून लिहितेय. तुमच्याशी नीट बोलायला मला अजून कागद लागतो.

जुलैच्या शेवटी टेरी आला. बूट काढले, बसला, आणि मी काही म्हणायच्या आत चिवड्याची वाटी स्वतःकडे ओढली. तेव्हाच मला कळलं. म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानं स्वतः फोन केला. पाऊण तास बोलला. हे तिला सांगू नका असंही म्हणाला. मी म्हटलं, मित्रा, मी सांगणाऱ्यातला नाही. पण अर्ज मंजूर का केला त्याचं दुसरं कारणच माझ्या फाइलमध्ये नाही, आणि फाइल मागायचा तिला हक्क आहे." मग त्यानं मिशा पुसल्या आणि वही उघडली.

तो वाचत होता आणि मी समोरच्या खिडकीतून बघत होते, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "साहेब, मी तिला भितो हे खरं आहे. कधीपासून ते सांगतो. देवळालीला कँप होता, मी दुसऱ्या कॉलेजचा. मला कार्डं मोजायला बसवलं होतं. एका मुलीच्या कार्डावर एकच भोक होतं. मी ओरडून सांगितलं, एक लागली, चार हुकल्या. ती दोरी ओलांडून आली आणि तिनं मला शब्दांनी असं झोडपलं की माझे कान अजून लाल आहेत. उस्तादांनी भिंग लावलं. ती बरोबर होती, मी गाढव होतो. त्या दिवसापासून भितो. घरी गेलो आणि आईला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशी."

अहो!

म्हणजे बघायला आलात तेव्हा तुम्ही मान खाली घालून पोहे खात होतात, ते लाजून नव्हे. ओळखेन म्हणून! आणि इतकी वर्षं मी पाहुण्यांसमोर त्या गाढवाची गोष्ट रंगवून सांगतेय, आणि गाढव आत जाऊन पाण्याचे ग्लास भरतंय!

मी हसत सुटले. टेरीही हसला. श्रिया आतून धावत आली, तिला सांगितलं तर ती जमिनीवर लोळली, "आजोबा इज द डाँकी! आजोबा इज द डाँकी!" प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं, कारण टेरीनं खिशातून रुमाल काढून दिला, स्वच्छ होता.

मग तो म्हणाला, "शेवटचं एक वाक्य आहे, ते मी शब्दाला शब्द लिहून घेतलंय." आणि वाचलं. "चूक नसताना तिनं कधी कुणाला दुखवलेलं मी बघितलं नाही. तिच्या हातात बंदूक असेल त्या घरात मी दार उघडं टाकून झोपेन."

मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. आणि मग अजून एकदा.

परवाना आला. तोवर जोनबाईंचं सामान हललं होतं, पण त्यांनी रायफल दुसऱ्या कुणाला न देता तिकडच्या दुकानदाराकडे माझ्या नावानं ठेवली. तिथून ती इथल्या आपल्या धिप्पाड माणसाकडे आली. त्यानं माझा परवाना हातात घेऊन उजेडात नीट बघितला, वहीत जोनबाईंचं नाव, त्याखाली माझं, असं लिहिलं आणि म्हणाला, "फी." मी एक अक्षर न बोलता दिली, आणि वर डब्यातून रव्याचे लाडूही दिले. तो घाबरला. म्हणाला, "आज घासाघीस नाही? तब्येत बरी आहे ना?"

रायफल खांद्याला लावली आणि ती बसली. जोनबाईंचा गाल जिथे टेकत असेल तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, माझा गाल बरोबर तिथेच येतो. रात्री त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "पहिल्या बुधवारी काय झालं ते कळवा. मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

ते आता तुम्हालाही कळवते. सोबत बुधवारचं कार्ड जोडलंय. पाच गोळ्या मारल्या, पाच भोकं आहेत, आणि पाचही वेगवेगळी. पूर्वीसारखं आता राहिलं नाही, पण निदान या वेळी तुम्हाला मोजता येतील. एक तर पार कडेला गेली, तिच्याबद्दल काही बोललात तर बघा.

इथे हॉलमध्ये बघणाऱ्यांसाठी दोरी बांधलेली असते. दोरीमागे खुर्च्या आहेत, हीटर आहे, क्लबवाले चहाही देतात. कार्डं मोजायला मात्र माणूस कमी पडतो, मी त्यांना सांगून ठेवलंय की अनुभव असलेला एक जण येणार आहे. श्रीनाथ तुमचं तिकीट बघतोय. स्वेटर पाठवत नाही, इथे येऊन घाला.

दार उघडंच आहे.

तुमची,
विभावरी